माहेरचं पाणी

सेक्टर ५, भिलाई
१४ डिसेंबर १९८६

शालिकराम,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचा असतो. सात वर्षं तू मागितला नाहीस आणि मी दिला नाही, तेव्हा आज फुकटचा वाटत बसत नाही. मोठा भाऊ लिहितो आहे हे अक्षरावरून तुला कळलंच असेल. कामाचं बोलतो.

आपल्या नलूचं तळं मेलं.

तळं कसं मरेल, मासे मेले म्हणा, असं तू म्हणशील. तुला पहिल्यापासून शब्द जागच्या जागी लागतात. तर ऐक. गेल्या रविवारी मी खपरीला जाऊन आलो. काठापासून मधल्या लाकडी खांबापर्यंत नुसती पांढरी पोटं. रोहू, कतला, मिरगल, सगळे. जुलैत टाकलेली पिलं तर गेलीच, पण ज्यांच्यावर तिचा पुढचा सगळा हिशेब होता ते हातभर लांब जुने मासेही गेले. आणि हे काही शेतातलं खासगी तळं नाही. निस्तारी तळं आहे, अख्खं गाव त्यात आंघोळ करतं, भांडी घासतं, म्हशी धुतं. गावानं आठ दिवस त्यात पाय घातला नाही. मारोतराव लकव्यानं खाटेवर पडलेला, घर काठालाच, त्याला वास येत होता आणि नाक दाबायला उजवा हात उठत नव्हता. नलू कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून टोपलीनं मासे उपसत होती. एकही बाई तिच्यासोबत उतरली नाही.

नवरा पडल्यापासून ते दोघं त्या तळ्यावर जगतात हे तुला माहीत आहे. पंचायतीनं बाईच्या नावावर पहिल्यांदाच तळं दिलं, पाच वर्षांसाठी. त्यातलं एक वर्ष झालं. आता बैठक बसणार आहे आणि तळं काढून घ्या म्हणणारे आत्तापासून मिशीला तेल लावून बसले आहेत.

तू मत्स्य खात्यातला माणूस. अंबिकापूरला बसून माशांचे रोग काचेखाली बघतोस, सरकार त्याचा तुला पगार देतं. नलू दसऱ्याला माझ्याकडे आली होती. माझ्या बोरसीच्या तळ्यातल्या पिलांवर तिनं पांढरे ठिपके पाहिले आणि घरी जाऊन तुला पत्र टाकलं, असं ती म्हणते. मग तुझं उत्तर कुठे आहे? दोन ओळी आल्या असत्या तर ही पाळी आली नसती. परक्या माणसाला सल्ला द्यायला तुझ्याकडे छापील कागद असतात, सख्ख्या बहिणीच्या वेळी शाई वाळली.

मी तिला सांगितलं, शालिकचं काही आलं नाही. ती बराच वेळ टोपली धूत राहिली. मग म्हणाली, "त्याचा राग तुमच्यावर हाय दादा. मी का केलं होतं त्याचं?"

मी तुझी बाजू घेतली नाही. कशाला घेऊ?

तेजराम


सेक्टर ५, भिलाई
९ जानेवारी १९८७

शालिकराम,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यात तीन प्रश्न. कोर्टात वकील लागला असतास तर पुढे गेला असतास.

पहिला प्रश्न, दिवाळीच्या आधी पाठवलेलं आंतरदेशीय पत्र मला मिळालं का. नाही मिळालं. टपालाचा काय भरवसा, सेक्टर पाचचं सहामध्ये जातं, सहाचं दुर्गला. तू पाठवलं म्हणतोस तर पाठवलं असशील. यावर पुन्हा विचारू नकोस.

दुसरा प्रश्न, रोग नलूच्या तळ्यात कुठून आला. हे मला विचारतोस? बगळे येतात, पाणकावळे येतात, म्हशी दहा डबक्यांत लोळून येतात. मी कोक ओव्हनमध्ये काम करणारा माणूस. मला भट्टीचं दार कुठून गळतं ते विचार.

तिसरा प्रश्न, मी तिला पिलं दिली का. दिली. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिली आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विसरलास का? बाबा दर भाऊबीजेला तिरोड्याच्या आत्याकडे आपल्या तळ्यातली पिलं न्यायचे, पितळी हंड्यात, पांढरं धोतर नेसून. आणि पिलं कधी नुसती टाकायचे नाहीत. हंड्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत आत्याच्या तळ्यात ओतायचे, आणि आत्या ते माहेरचं पाणी म्हणून आधी कपाळाला लावायची. तू तेव्हा बैलगाडीत झोपलेला असायचास, तुला काय आठवणार. नलूला मात्र आठवतं. तळं मिळालं तेव्हा ती मला म्हणाली होती, "दादा, आता मलेही माहेरचं पानी आना." बहिणीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली.

माझा हंडा अल्युमिनियमचा आहे, काळ बदलला. दुर्गहून बसमध्ये सगळा रस्ता हात घालून पाणी खळबळवत गेलो, पिलांचा दम जाऊ नये म्हणून. कंडक्टर म्हणाला, बाबूजी, मछली को झूला झुला रहे हो क्या. नलूनं पाणी कपाळाला लावलं, डोळे पुसले, मग मला ओवाळलं. मारोतरावानं डाव्या हातानं नमस्कार केला. तो दिवस मी कुणालाही नासवू देणार नाही, तुलाही नाही.

आता ठिपक्यांबद्दल. माझ्या बोरसीच्या तळ्यावर दयाराम राखण करतो, साठीचा ढीमर, त्याच्या बापजाद्यांनी जाळ्याशिवाय काही धरलं नाही. पिलांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखं दिसायला लागलं, पिलं खुंटांना अंग घासायला लागली, तेव्हा तो पाहताक्षणी म्हणाला, "माता आए हे साहेब. छूना झन." म्हणजे देवी आली आहे, हात लावू नका. आपल्या घरात देवी येते तेव्हा आपण काय करतो? कडुनिंब लावतो, दहीभात ठेवतो, माणसाला हलवत नाही, वाट पाहतो. तेच केलं. काठावर निंबाच्या डहाळ्या रोवल्या, तुझ्या वहिनीनं, तारानं, दहीभात दिला. बारा-तेरा दिवसांत ठिपके गळून पडले, अंग चकचकीत. दयाराम म्हणाला, "माता उतर गे. अब जिनगी भर कुछु नइ होय." माणसाला एकदा देवी येऊन गेली की परत येत नाही, हे तर तुझं शास्त्रही मानत असेल. म्हणजे मी नलूला साधी पिलं नाही, देवी उतरलेली, पक्की पिलं दिली. याहून चांगली ओवाळणी कुठल्या भावानं दिली ते सांग.

आणि सात वर्षांपूर्वीचं तू उकरून काढलं नाहीस, पण प्रत्येक प्रश्नाखाली तेच गाडलेलं आहे. १९७९ सालची दिवाळी. माझ्या तळ्याची पहिली पिलं. दुर्गचं गिऱ्हाईक ओट्यावर चहा पीत बसलेलं, आणि तू त्याच्यासमोर तुझी ती सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उघडलीस. माझ्याच पिलाचा कल्ला कापून काचेवर ठेवलास आणि म्हणालास, "यात किडे आहेत, ही दुसऱ्या तळ्यात देऊ नका." मला म्हणालास, वाकून बघा. मी वाकलो. मला काही दिसलं नाही. गिऱ्हाईक अर्धा चहा टाकून उठलं. मी तुझ्या थोबाडीत दिली. भट्टीवरच्या माणसाचा हात जड असतो, त्याला मी काय करू. तू पेटी टॉवेलात गुंडाळलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलास.

सख्खा भाऊ खोलीत बोलावून कानात सांगतो. ओट्यावर सांगत नाही.

तेजराम


सेक्टर ५, भिलाई
२२ मार्च १९८७

शालिकराम,

बैठक झाली. तळं काढून घेतलं.

मी गेलो होतो. नलूला बोलायला उभं केलं. ती एवढंच म्हणाली, "मासे मी मारले नाही." एकजण म्हणाला, मग मासे आपणहून मेले का? लोक हसले. मी मागच्या ओळीत बसलो होतो. मला तोंड होतं, पण मी ते उघडलं नाही. सरपंचानं बरं वागवलं हे खरं, म्हणाला, बहिन, तुम्हारा दोष नहीं, पर गांव का पानी है. आता तळं दुसऱ्याच्या नावावर आहे आणि नलू रोजीनं दुसऱ्यांच्या वाडीत भाजी खुरपायला जाते. येता-जाता ते तळं लागतंच, दुसरा रस्ता नाही.

तिनं तुझं नाव टाकलं आहे. आडून सांगत नाही, सरळ सांगतो. मागच्या महिन्यात तू तिला पाकीट पाठवलंस ना? ते तिनं फोडलं नाही. घेऊन इथे आली, दोन बस बदलून, आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे परत पाठवा त्याले. तवा दोन ओळी लिहिता नाही आल्या, आता कावून लिहून राहिला?"

मी म्हटलं, "अगं, वाचून तर पाहा."

ती म्हणाली, "नाही वाचत. ज्यानं वेळेवर नाही लिहिलं त्याचं उशिरानं काय वाचू?"

चहा न घेता गेली. तारा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तुझी वहिनी बोलत नाही, तुला माहीत आहे. बावीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही तिनं. नलू फाटकाबाहेर गेल्यावर मला म्हणाली, "पाकीट न फोडता ठेवून द्यायचं तिले कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तुमी सांगता का मी सांगू?" असं म्हणून ती आत गेली. तेव्हापासून दोन वेळचं ताट मिळतं, शब्द मिळत नाही.

तू म्हणशील, वहिनी असं का म्हणाली. पुढच्या वेळी लिहीन. आज सेकंड शिफ्ट आहे.

तुझं पाकीट परत पाठवलेलं नाही. माझ्याकडे आहे.

तेजराम


सेक्टर ५, भिलाई
२ जुलै १९८७

शालिक,

सव्वातीन महिने लागले मला ही शिफ्ट संपवायला. मधल्या काळात तुझी दोन कार्डं आली. दोन्ही वाचली. वाचायला शिकलो आहे असं समज.

तुझं आंतरदेशीय मला मिळालं होतं.

२८ ऑक्टोबरला मिळालं. पोस्टमननं ताराच्या हातात दिलं, तिनं माझ्या. मागच्या बाजूला तुझं नाव पाहिलं आणि माझ्या गालावर उलटी थप्पड बसल्यासारखं झालं. वाटलं, आला, पुन्हा ओट्यावर पेटी उघडायला आला. ठिपके दोनच दिवसांपूर्वी गेले होते. माझी पिलं सुंदर दिसत होती. भाऊबीज आठवड्यावर होती. मी ते पत्र न फोडता जुन्या सेफ्टी बुटाच्या खोक्यात टाकलं आणि खोकं कपाटावर ठेवलं. ताराला म्हणालो, नंतर बघू.

नंतर बघितलं. ७ डिसेंबरला, खपरीहून आल्यावर. हाताला अजून त्या तळ्याचा वास होता. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहून शिव्या घातल्या तेव्हा तुझं पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं. नलूला 'काही आलं नाही' म्हणालो ते मात्र त्याच्या आधी, तिच्या काठावर, न फोडलेल्या पत्राच्या भरवशावर. न वाचलेलं पत्र आलं असं म्हणायचं का, असा तेव्हा मी स्वतःशी वाद घातला. तो जिंकलोही.

तुझं पत्र खाली उतरवून काढतो. तुझ्याकडे नक्कल नसेल, आणि मूळ माझ्याकडे फार दिवस राहणार नाही.

"ती. दादांस, शालिकचा नमस्कार. नलूचं पत्र आलं. तिनं वर्णन चांगलं केलं आहे. ती देवी नाही. तो फार बारीक जीव आहे, माशाच्या कातडीखाली घर करतो, म्हणून ठिपका दिसतो. पोट भरलं की तो आपणहून गळतो आणि तळाशी जाऊन बसतो. तेव्हा मासा स्वच्छ दिसतो आणि लोक तिथेच फसतात. तळाशी एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधायला निघतात. ठिपके गेले असतील तर तो रोग बरा झालेला नसतो, वाढायला गेलेला असतो. आता गारवा पडतो आहे, हेच दिवस त्याचे. म्हणून दादा, ठिपके गेले तरी पिलं कुणाला देऊ नका. नलूला तर नाहीच. मला माहीत आहे, भाऊबीज जवळ आली आहे आणि तुम्ही बाबांसारखं पाणीसुद्धा न्याल. पाणी तर मुळीच नको, ते पोहणारे जीव पाण्यातच असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. जाळंही कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका. जमलं तर मासे काढून तळं पंधरा दिवस रिकामं ठेवा. मासा मिळाला नाही तर तो जीव फार दिवस जगत नाही. भाऊबीजेला मला रजा मिळते आहे. तुम्ही या म्हणालात तर येतो. पेटी घरी ठेवून येईन."

शेवटचं वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. पेटी घरी ठेवून येईन. तू यायला तयार होतास आणि मी तुला कपाटावर ठेवलं.

आता बाकीचंही घे, अर्धवट कबुलीचा काही उपयोग नाही. भाऊबीजेच्या सकाळी मी आणि दयाराम हंडा भरत होतो. एका पिलाच्या शेपटीजवळ दोन ठिपके होते. दयारामनं मला दाखवलं. मी ते पिलू बोटानं उडवून बाजूला टाकलं आणि म्हणालो, एकच आहे, चल. दयाराम अडाणी, त्याचा दोष नाही, त्यानं दाखवलं. शिकलेला मीच होतो, मॅट्रिक.

आणि बोरसीचं माझं तळंही डिसेंबरात गेलं. तुला लिहिलं नाही. देवी परत आली म्हणून दयाराम रडला. मी रडलो नाही, तोवर मला पत्रानं सगळं सांगून झालं होतं.

आणखी एक. ७९ साली मी वाकून पाहिलं तेव्हा मला दिसलं होतं. गोल, चाकासारखं, कडेला दाते, गरगर फिरत होतं. कारखान्यात इतकी चाकं पाहिली पण एवढं नीट फिरणारं पाहिलं नव्हतं. चांगलं दिसलं म्हणून तर राग आला. गिऱ्हाइकासमोर माझं तळं नासकं आणि माझा धाकटा भाऊ बरोबर, दोन्ही एकाच भोकातून दिसलं.

मी नलूला सांगणार आहे. तारानं सांगण्याच्या आधी. पाऊस थांबून रस्ता उघडला की जातो.

तेजराम


सेक्टर ५, भिलाई
२७ ऑगस्ट १९८७

चि. शालिक,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खपरीला गेलो. पाऊस कधीच थांबला होता, रस्ताही कोरडा होता. मीच थांबलो होतो.

नलू अंगणात शेणकूट थापत होती. मी तिला दोन्ही पत्रं दिली, दिवाळीचं फोडलेलं आणि फेब्रुवारीचं न फोडलेलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, उंबऱ्यावर बसली. आधी जुनं वाचलं. सावकाश वाचते ती, ओठ हलवत. मी समोर उभा. मारोतराव खाटेवरून बघत होता. 'नलूला तर नाहीच' या ओळीवर ती थांबली, ते मला कळलं, कारण तिथे तिचे ओठ हलायचे थांबले. मग त्याच पत्रावरचा टपालाचा शिक्का पाहिला. उन्हात धरून पाहिला.

मला वाटलं, आता ओरडेल. तिनं ओरडावं असं मला फार वाटत होतं. तिनं एकच विचारलं.

"दादा, हे तुमी कवा फोडलं?"

मी म्हटलं, "तुझे मासे मेल्यावर."

"मंग बैठकीच्या दिवशी तुमाले माहीत होतं."

"हो."

"मी उभी होती तवा."

"हो."

बाईनं शिवी दिली असती तर मी उचलून डोक्यावर घेतली असती. ती उठली, घरात गेली. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आली तर हातात माझा अल्युमिनियमचा हंडा. भाऊबीजेपासून तिच्याकडेच राहिला होता. राखेनं घासून आरशासारखा केलेला, आतून कोरडा.

"हा घेऊन जा," म्हणाली. "माहेरचा हाय."

मारोतराव खाटेवरून म्हणाला, "अवो, पानी तर दे भावाले." लकव्यानं त्याचं बोलणं ओढत येतं, ते वाक्य फार लांबलं. तिनं पाणी आणलं. मी प्यालो. तिच्या विहिरीचं होतं. ती पाणी द्यायला चुकली नाही, मी पिण्याला लायक नव्हतो, एवढाच त्यात फरक.

परत येताना हंडा मांडीवर घेऊन बसलो होतो. रिकाम्या हंड्यातही हात हलवायची सवय लागते माणसाला.

दुसरं पाकीट तिनं माझ्यासमोर फोडलं नाही. पदरात खोचलं. म्हणजे वाचणार आहे. तुझं तुला परत मिळालं असं समज. माझ्याबद्दल तिला काही समजावू नकोस, तुझा स्वभाव तसा आहे म्हणून आधीच सांगतो.

तारा माझ्याशी बोलायला लागली. काल म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे का. मी म्हटलं, बरोबर आहे.

तेजराम


सेक्टर ५, भिलाई
भाऊबीज, २४ ऑक्टोबर १९८७

चि. शालिक,

हे पत्र तू अंबिकापूरला परत पोचशील तेव्हा तुझ्या दारात पडलेलं असेल.

आज सकाळी मी पांढरा शर्ट घातला. तारानं विचारलं, कुठे? म्हटलं, खपरीला. ती म्हणाली, बोलावलंय का? म्हटलं, बहीण बोलावते तेव्हाच जायचं असं कुठे लिहिलं आहे. तिनं साडी पिशवीत घालून दिली. हंडा नेला नाही, एवढी अक्कल आली आहे.

दुर्गच्या स्टँडवर गुंडरदेहीची बस लागलेली होती. मी खपरीचं तिकीट काढलं आणि मागून तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसलो. बस अर्धी भरली होती. बायका तबकं, मिठाईचे डबे घेऊन, पुरुष नव्या कपड्यांत, सगळी बस बहिणींकडे निघालेली.

तेवढ्यात तू दिसलास.

स्टेशनकडून चालत येत होतास. मी आधी ओळखलं नाही. कानाजवळचे केस पांढरे झाले तुझे. माझे झाले ते मला चालतं, मी भट्टीवरचा, पण तुझे मी काळेच धरून बसलो होतो. हातात ती लाकडी पेटी होती. या वेळी पेटी घरी ठेवली नव्हतीस. कंडक्टरला विचारलंस, "खपरी जाएगी?" आवाज तोच आहे, बाबांचा. तो म्हणाला, जाएगी, आगे से चढ़ो. पेटी छातीशी धरून तू पुढच्या दारानं चढलास.

मी मागच्या दारानं उतरलो.

कारण सांगतो, पळपुटा म्हणू नकोस. म्हणालास तरी चालेल. तू निघालास त्या अर्थी तिनं तुला बोलावलं आहे. मला नाही. दोघं एकाच बसमधून उतरलो असतो तर तिनं पाट दोन मांडले असते, ती तशी आहे. ओवाळलंही असतं. तू जवळ असतास म्हणून मलाही ओवाळलं असतं, आणि मी तुझ्या आडोशाला बसून ते घेतलं असतं. मला मी ओळखतो. मी घेतलं असतं आणि संध्याकाळी घरी येऊन ताराला सांगितलं असतं, बघ, सगळं मिटलं.

वरून साफ झालं म्हणजे मिटलं, हे मी एकदा धरून चाललो होतो.

बस सुटेपर्यंत उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा होतो. तू खिडकीशीच बसलास, मी सोडलेल्या बाकावर, पेटी मांडीवर. बाहेर पाहिलंस पण माझ्याकडे नाही. साडीची पिशवी माझ्याच हातात राहिली, ती परत आणली. तारानं उघडून पाहिलं नाही, कपाटात ठेवून दिली, बुटाच्या खोक्याशेजारी.

नलूनं तुला त्या तळ्यावर नेलं असेल. तळं आता दुसऱ्याचं आहे, पण पाणी बघायला कुणी मनाई करत नाही. तिला पेटीतून दाखव. ती वाकून बघेल आणि दिसलं तर दिसलं म्हणेल.

तिकीट सोबत ठेवलं आहे. खपरीपर्यंतचं आहे, फाडलेलं नाही.

तुझा भाऊ,
तेजराम